खानदानी गावठी: चॅप्लिनचा ‘अ डॉग्ज लाइफ’ ठाण्याच्या गच्चीवर

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात एक चित्रपट दाखवण्याची पद्धत आहे आणि तो निवडण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे असल्यामुळे एप्रिल उजाडला की माझ्या डोक्याला ताप सुरू होतो. पाच वर्षांच्या मुलीला समजेल, चौदा वर्षांच्या मुलाला बालिश वाटणार नाही, आजी-आजोबा मध्येच उठून जाणार नाहीत आणि दहाच्या आत सगळे आटोपेल, एवढ्या अटी पाळणारा चित्रपट सहजी सापडत नाही. यंदा मी चार्ली चॅप्लिनचा १९१८ सालचा मूकपट ‘अ डॉग्ज लाइफ’ निवडला. शंभर वर्षांहून जुना, काळा-पांढरा आणि तोंडातून एक शब्द न काढणारा चित्रपट म्हटल्यावर समितीच्या बैठकीत दोघातिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मुले पाच मिनिटांत खाली पळतील असे भाकीतही झाले. मुले पळाली नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी खालच्या पार्किंगमध्ये, एकाच्या बगलेतून दुसऱ्याचे हात बाहेर काढून, त्यांचे त्यांचे खेळ चालू होते. ते काय होते ते पुढे येईलच.

खरे तर १६ एप्रिलला हा खेळ करावा असे मनात होते. बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी १८५३ साली त्याच दिवशी ठाण्याला पोहोचली, त्यामुळे ही तारीख ठाणेकराला वेगळी पाठ करावी लागत नाही, आणि चॅप्लिनचा जन्मही १८८९ सालच्या १६ एप्रिलचाच. पण मुलांच्या परीक्षा आडव्या आल्या आणि खेळ मे महिन्याच्या पहिल्या शनिवारवर गेला. रात्री आठ वाजताही गच्चीची फरशी पायाला चटका देत होती, म्हणून आधी दोन बादल्या पाणी मारले आणि मग सतरंज्या अंथरल्या.

कथा चार ओळींची आहे. घरदार आणि कामधंदा नसलेला एक भटक्या आणि त्याच्यासारखाच कोणाचा नसलेला एक रस्त्यावरचा कुत्रा यांची गाठ पडते. दोघे मिळून पोट भरण्याची धडपड करतात, एका गुत्त्यात गाणी म्हणणाऱ्या गरीब मुलीशी त्यांची ओळख होते, चोरांनी पुरून ठेवलेले पैशांचे पाकीट कुत्र्याला सापडते, ते चोर परत हिसकावतात, पुन्हा पळवापळव होते आणि शेवटी तिघे गावाकडे संसार थाटतात. तीन रिळांचा, साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचा हा मामला आहे. भटक्याचे काम अर्थातच चॅप्लिनने केले आहे, गाणाऱ्या मुलीचे काम त्याच्या त्या काळातल्या बहुतेक चित्रपटांत दिसणाऱ्या एडना पर्व्हायन्सने केले आहे आणि कुत्र्याचे नाव आहे स्क्रॅप्स, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत उष्टेखरकटे.

चित्रपट उघडतो तो एका मोकळ्या जागेत, फळ्यांच्या कुंपणाला पाठ लावून झोपलेल्या चार्लीवर. वर आकाश, तिन्ही बाजूंना मैदान, अंगावर पांघरूण नाही, आणि या माणसाला झोप का लागत नाही, तर कुंपणाच्या फळीला पडलेल्या एका भोकातून वारा लागतो म्हणून. तो उठतो, खिशातून फडके काढतो, ते भोक नीट बुजवतो आणि खोलीचे दार लावून घेतल्यासारखा समाधानाने पुन्हा आडवा होतो. मी हा चित्रपट आजवर सात-आठ वेळा पाहिला असेल, पण या पहिल्या अर्ध्या मिनिटातच त्याची सगळी किल्ली आहे, हे मला यंदा प्रथम लक्षात आले. बेघर माणूस दाखवायचा म्हटला की आपले चित्रपट आधी व्हायोलिन काढतात. इथे बेघर माणूस आपल्या घराची डागडुजी करताना दिसतो. त्याला स्वतःची कीव येत नाही, म्हणून आपल्यालाही ती करता येत नाही, आणि कीव करण्याची सोय नसल्यामुळे आपण मोकळेपणाने हसतो. पुढचा सगळा चित्रपट ही एकच गोष्ट कधी माणसाकडून तर कधी कुत्र्याकडून करून घेतो.

लगेच कुंपणापलीकडे गरम सॉसेज विकणारा येऊन उभा राहतो. चार्ली फटीतून हात घालून एक उचलतो, पोलीस ते पाहतो, आणि त्यानंतर कुंपणाच्या खालून लोळत या बाजूला, पुन्हा त्या बाजूला, असा जो लपंडाव सुरू होतो, त्यात पोलिसाच्या बुटांच्या नाड्या कधी बांधल्या गेल्या हे त्या पोलिसाला कळत नाही आणि पहिल्या वेळी आपल्यालाही कळत नाही. गच्चीवरचा पहिला मोठा हशा इथे आला. माझ्या पुढे बसलेला दुसरीतला मुलगा तर ‘परत, परत’ असे ओरडू लागला, आणि प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या दादाने ते मनावर न घेतल्याबद्दल त्याने पुढची दोन मिनिटे फुरंगटून काढली.

चित्रपटाची बांधणी किती हिशोबाने केली आहे ते पाहायचे तर यानंतरचे दोन प्रसंग एकापाठोपाठ पाहावेत. चार्ली नोकऱ्या देणाऱ्या कचेरीत जातो. तिथे आधीच रांग लावून बसलेले उमेदवार, समोर खिडक्या, आणि एखादी जागा निघाली की सगळे एकदम खिडकीकडे झेपावतात. चार्ली प्रत्येक वेळी अर्ध्या पावलाने मागे पडतो. या खिडकीशी पोहोचला तर त्या खिडकीचा पुकारा झालेला असतो, तिकडे धावला तर इकडे दुसऱ्याने हात पुढे केलेला असतो, आणि असे चार-पाच वेळा झाल्यावर खिडकीच बंद होते. आपल्यासमोरच्या खिडकीवर ‘बंद’ अशी पाटी सरकताना ज्याने आयुष्यात एकदा तरी पाहिली आहे, त्याला या प्रसंगासाठी मूकपटात दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या लिखित पाट्या वाचण्याची गरज नाही. गच्चीवरच्या नोकरदार मंडळींचे हसू इथे मुलांपेक्षा मोठे होते. चार्ली हात हलवत बाहेर येतो तर रस्त्यावर कुत्र्यांची झुंड एका तुकड्यासाठी भांडते आहे आणि त्या गर्दीत सर्वांत लहान असलेला स्क्रॅप्स मार खातो आहे. माणसांची जी झोंबाझोंबी आपण आत पाहिली तीच आता चार पायांवर चालू आहे. दिग्दर्शक ही तुलना कोणाच्या तोंडून वदवत नाही, की दोन दृश्ये एकमेकांवर चढवून दाखवत नाही. एकापुढे एक ठेवतो आणि पुढे चालू लागतो. चार्ली त्या झुंडीत शिरून स्क्रॅप्सला उचलतो आणि पळ काढतो. एक कुत्रा त्याच्या विजारीला लोंबकळतच राहतो.

‘कुत्र्याचे जिणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडेही आहे आणि तो वापरताना आपला सूर नेहमी तक्रारीचा असतो. या चित्रपटात ते जिणे दोघे वाटून घेतात, आणि वाटून घेतल्यामुळे ते सहलीसारखे होते. स्क्रॅप्सची ओळख करून देणाऱ्या पाटीवर त्याला जातिवंत संकर म्हटले आहे. मुलांसाठी पाट्या मोठ्याने मराठीत वाचण्याचे काम माझ्याकडे होते. तिथे मी ‘खानदानी गावठी’ असे वाचले आणि फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीखाली मुक्काम ठोकून असलेल्या आमच्या कुत्र्याला त्या रात्रीपासून तीच पदवी मिळाली. (त्याला खायला घालावे की घालू नये यावर सोसायटीत दोन तट आहेत. दोन्ही तटांतली माणसे त्या रात्री शेजारी शेजारी बसून हसत होती. याहून अधिक काही घडले असे मी म्हणणार नाही.)

स्क्रॅप्सचे काम करणारा कुत्रा पडद्यावर कोणतीही करामत करत नाही, ही मला या चित्रपटाची मोठी कमाई वाटते. अलीकडच्या कौटुंबिक चित्रपटांतले कुत्रे डोळ्यांत पाणी आणतात, दार उघडतात, फोन उचलतात आणि योग्य वेळी मान वाकडी करून प्रेक्षकाकडे पाहतात. हा कुत्रा कुत्र्यासारखा वागतो. भूक लागली की खातो, आडोसा मिळाला की झोपतो, माती दिसली की उकरतो. पायरीवरच्या बाटलीत तळाशी थोडे दूध उरलेले असते आणि बाटलीच्या तोंडात त्याचे तोंड जात नाही, तेव्हा चार्ली त्याची शेपटी बाटलीत बुचकळतो आणि ती त्याला चाटायला देतो. या युक्तीला कुत्र्याकडून अभिनयाची अपेक्षाच नाही. शेपटी त्याची, दूध त्याचे आणि चाटणेही त्याच्या सवयीचे. रात्री चार्ली त्यालाच उशाला घेऊन झोपतो. पाकीट सापडते तेही कुत्र्याच्या अंगच्या सवयीमुळेच: स्क्रॅप्स उकरत राहतो, मातीचा फवारा झोपलेल्या चार्लीच्या तोंडावर उडत राहतो, आणि चार्ली वैतागून उठतो तेव्हा खड्ड्यात पैसे असतात. कथेतली सर्वांत सोयीची घटना इतक्या सहजपणे येते, की ती सोयीची आहे हे जाणवतही नाही.

पहिल्या मजल्यावरच्या आजी एरवी अशा कार्यक्रमांना अर्ध्या तासासाठी येतात आणि मान राखून खाली जातात. स्क्रॅप्सने टपरीवरचे खाणे पळवले तेव्हा त्या शेजारच्या नातवाला म्हणाल्या, “अरे, आमच्या नामदेवाच्या पुढ्यातली पोळी कुत्र्यानं पळवली तर तो तुपाची वाटी घेऊन मागं धावला, कोरडी नका खाऊ देवा म्हणून.” नातवाने विचारले, “मग या दुकानदाराने काय न्यायला पाहिजे?” आजींनी क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि “लाटणं” म्हणाल्या. आजी शेवटपर्यंत बसल्या.

आता त्या टपरीविषयी, कारण माझ्या मते चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग तिथे आहे. रस्त्याच्या कडेला लागलेली खाण्याची गाडी, आपल्या तलावपाळीवर संध्याकाळी लागतात तशीच, फळीपलीकडे पोटसुट्या मिशाळ गाडीवाला आणि फळीवर एका ताटलीत छोटी गोड पॅटिसे. गाडीवाल्याने पाठ वळवली की चार्ली एक उचलून तोंडात टाकतो, तो वळला की चार्ली निर्विकार. गाडीवाल्याला संशय येतो, ताटली रिकामी होत जाते, मात्र पुरावा सापडत नाही. एवढाच प्रसंग आहे, पण त्याची लय अशी आहे की एकदा ती पकडली की पुढच्या घासाची आपण वाटच पाहू लागतो. वळणे, उचलणे, गिळणे, थबकणे. मग थोडे लवकर वळणे. मग वळल्याचा बहाणा करून एकदम मागे फिरणे. आणि दर वेळी चार्लीचा चेहरा असा, की ताटलीत काय होते हे त्याला ठाऊकच नाही. तोंडात अख्खे पॅटिस असताना गाल हलू न देण्याचे त्याचे कसब पाहून माझ्या डावीकडच्या मुलीने तोंडात पॉपकॉर्न धरून तसाच प्रयत्न केला आणि तिला ठसका लागला. प्रसंगाचा शेवट मार खाण्याने होतो, पण तो मार भलत्यालाच बसतो.

गाडीवाल्याचे काम करणारा नट सिडनी चॅप्लिन हा चार्लीचा थोरला भाऊ. आई एक, वडील वेगळे. हे माहीत नसतानाही प्रसंग तितकाच हसवतो, हे खरे. पण माहीत झाल्यावर तो निराळा दिसू लागतो. आई आजारी आणि घरात दाणा नाही अशा अवस्थेत १८९६ साली या दोन भावांना लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात जावे लागले होते आणि तिथून त्यांची रवानगी हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत झाली होती. चार्ली तेव्हा सात वर्षांचा होता. म्हणजे एक भाऊ फळीच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये खाण्याची ताटली, आणि भूक म्हणजे काय हे दोघांनाही ऐकून नव्हे तर भोगून ठाऊक. त्या दोघांनी मोठेपणी, हाती पैसा आल्यावर, त्याच भुकेचा खेळ मांडला आणि त्यात डोळे पुसण्यासाठी एकही सेकंद ठेवला नाही. पैसाही थोडाथोडका नव्हता. १९१७ साली चॅप्लिनने फर्स्ट नॅशनल कंपनीशी आठ चित्रपटांसाठी दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला होता. वाटाघाटीत सिडनीच पुढे होता, आणि त्या करारातला पहिला चित्रपट म्हणजे हाच. हॉलिवूडमध्ये ला ब्रेया रस्त्यावर चॅप्लिनने स्वतःचा स्टुडिओ उभारला, त्यात चित्रित झालेला पहिला चित्रपटही हाच. जगातला सर्वांत महागडा नट आपल्या नव्या कोऱ्या मालकीच्या जागेतल्या पहिल्या चित्रपटात काय करतो, तर कुंपणाशी झोपतो आणि वाऱ्याचे भोक बुजवतो.

उत्तरार्धात ‘ग्रीन लँटर्न’ नावाचा गुत्ता येतो. कुत्र्यांना आत प्रवेश नाही, म्हणून चार्ली स्क्रॅप्सला आपल्या ढगळ विजारीत कोंबतो. विजारीला मागे भोक आहे आणि त्यातून शेपटी बाहेर राहते. शेपटी हलू लागते, मागे वाद्यवृंदाचा मोठा ढोल आहे, आणि ढोलावर थापा कोण मारते हे वाजवणाऱ्याला समजत नाही. लहान मुलांसाठी हा चित्रपटाचा कळस आहे आणि मी त्याविषयी अधिक लिहून तो बिघडवत नाही. मोठ्यांनी मात्र त्यानंतरच्या गाण्याकडे लक्ष द्यावे. एडना एक करुण गाणे म्हणते आणि गुत्त्यातली यच्चयावत माणसे रडू लागतात. एक जाडजूड बाई तर एवढी रडते की चार्लीवर अभिषेक होतो. (ही बाई म्हणजे हेन्री बर्गमन हा चॅप्लिनच्या चमूतला पुरुष नट आहे, बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये.) आणि मूकपट असल्यामुळे आपल्याला त्या गाण्याचा एक सूरही ऐकू येत नाही! सगळे जग ज्यावर रडते आहे ते ऐकू न आल्यामुळे आपण एकटेच कोरडे राहतो आणि त्या रडण्यावर हसतो. यानंतर मालकाच्या दटावणीमुळे एडना गिऱ्हाईकांना डोळा मारण्याचा केविलवाणा प्रयत्न करते, आणि चार्लीला वाटते की तिच्या डोळ्यात काही गेले आहे. आई-वडिलांना अवघडल्यासारखे वाटू शकेल असा चित्रपटातला हा एकमेव क्षण आहे, आणि तोही चार्लीच्या भाबडेपणाने असा निसटतो की मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पार्किंगमधल्या त्या खेळाचे मूळ यानंतरच्या प्रसंगात आहे. पाकीट परत मिळवलेले दोन चोर गुत्त्यातल्या कापडी पडद्याला पाठ करून मेजाशी बसले आहेत. चार्ली पडद्यामागून एकाच्या डोक्यात हाणून त्याला बेशुद्ध करतो, आणि तो खाली कोसळण्याआधी त्याच्या बगलांतून आपले दोन्ही हात पुढे काढतो. आता धड चोराचे, हात चार्लीचे. हे हात पैसे मोजतात, वाटणी करतात, मद्याचा पेला उचलतात, मिशीवरून फिरतात, समोरच्याला ‘जरा जवळ ये’ अशी खूण करतात आणि तो वाकला की त्याच्या डोक्यात बाटली घालतात. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत एक जण पुढे बसून भाषण करतो आणि चादरीआडून दुसऱ्याचे हात त्याला पावडर लावतात, तो प्रकार पाहून मोठ्या झालेल्या माणसाला इथे ओळखीचे हसू येईल. फरक एवढाच, की स्नेहसंमेलनात हात वेंधळे असतात म्हणून आपण हसतो आणि इथे हात इतके बिनचूक आहेत की त्या बेशुद्ध चोरालाच आपण शहाणा समजू लागतो. चोराचे काम करणाऱ्या अल्बर्ट ऑस्टिनलाही दाद द्यायला हवी. डोळे मिटून, मान सैल सोडून, दुसऱ्याच्या हातांना आपले मानून बसणे हे हात चालवण्याइतकेच अवघड असावे.

उणिवाही आहेत. चोरांचा पाठलाग, पिस्तुलांचे बार, गाडीवाल्याच्या ताटल्यांचा चुराडा हा भाग त्या काळच्या इतर दहा विनोदी चित्रपटांत बसेल असा आहे आणि तिथे कुत्रा बराच वेळ बाजूला पडतो. एडनाच्या वाट्याला सोसणे आणि हसणे यापलीकडे फारसे काही येत नाही. तिने गुत्ता सोडून या भटक्याबरोबर जावे असे तिला नेमके कधी वाटले, हे चित्रपट सांगत नाही, गृहीत धरतो. पोलिसांची जी टर उडवली आहे ती एका बाबांना खटकली, पण ते स्वतः निवृत्त फौजदार आहेत हे इथे नमूद केले पाहिजे. फ्रेंच समीक्षक लुई देलुक यांनी या चित्रपटाला सिनेमाची पहिली परिपूर्ण कलाकृती म्हटले होते. मी पूर्वार्धापुरते ते मान्य करीन आणि पाठलागाच्या वेळी पाणी प्यायला उठेन.

ज्यांना हा चित्रपट घरी किंवा सोसायटीत दाखवायचा असेल त्यांनी प्रत निवडताना चोखंदळ राहावे, कारण इथेच माझी फसगत झाली होती. पहिल्या चाचणीला मी जी प्रत उतरवून घेतली होती ती वीस मिनिटांत संपली. टपरीचा प्रसंग त्यात अर्धा होता आणि गाण्याचा मुळीच नव्हता. दुसरी एका दुकानातून आणलेली चकती होती. तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पियानोची एकच चार ओळींची धून फिरत होती आणि माणसे मुंग्यांसारखी तुरुतुरु पळत होती. या पळण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत आणि सेकंदाला सरासरी सोळा ते अठरा चित्रे टिपली जात. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रे हा दंडक झाला. जुनी फीत या नव्या वेगाने चालवली की प्रत्येक हालचाल जवळजवळ दीडपट वेगाने होते, आणि मूकपट म्हणजे धावपळ हा आपला गैरसमज बराचसा त्यातूनच आला आहे. टपरीच्या प्रसंगातली जी लय मी वर सांगितली ती या घाईत मरते.

चॅप्लिनने १९५९ साली हा चित्रपट ‘शोल्डर आर्म्स’ आणि ‘द पिल्ग्रिम’ या आणखी दोन मूकपटांबरोबर ‘द चॅप्लिन रिव्ह्यू’ या नावाने पुन्हा प्रदर्शित केला आणि त्यासाठी स्वतः संगीत दिले. त्यात वेग ताळ्यावर आणण्यासाठी मधली काही चित्रे दोनदा छापली आहेत, त्यामुळे बारकाईने पाहिल्यास हालचालीत किंचित अडखळ जाणवते. पण संगीत चित्रपटाच्या कर्त्यानेच दिलेले असल्यामुळे ढोलावरची शेपटी आणि वाद्ये यांचा मेळ तिथे उत्तम बसतो. आम्ही शेवटी तीच दाखवली. मूळ १९१८ ची, योग्य वेगाने चालवलेली आणि नीट साफ केलेली प्रत मिळाली तर तीही उत्तम. मात्र लांबी अर्ध्या तासापेक्षा कमी दिसली तर ती घेऊ नये. इंग्रजी पाट्या मोजक्या आणि लहान आहेत. कोणीतरी एकाने त्या मराठीत मोठ्याने वाचाव्यात, पण वाचणाऱ्याने स्वतःचे विनोद घालण्याचा मोह आवरावा. मी दोनदा आवरला नाही, आणि दोन्ही वेळा हशा माझ्या वाट्याला न येता पुढच्या दृश्याच्या वाट्याला गेला.

याच चॅप्लिनचा १९२१ चा ‘द किड’ अधिक प्रसिद्ध आहे आणि लहान मुलांना तोच आधी दाखवावा असे अनेकांना वाटते. माझे मत उलट आहे. ‘द किड’मध्ये मुलाला ओढून नेतात तो प्रसंग पाच-सहा वर्षांच्या मुलांना झेपत नाही, मागच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी त्या वेळी आईच्या कुशीत शिरून रडली होती. स्क्रॅप्सच्या वाटेला असे काही येत नाही. त्याला मारहाण होते ती सुरुवातीला एकदाच आणि तीही त्याच्या जातभाईंकडून. नंतर तो भुकेला राहतो, पण एकटा कधीच राहत नाही.

शेवट गावाकडच्या शेतात होतो. नांगरलेल्या लांबच लांब जमिनीवर चार्ली ओणवा होऊन बोटाने एक भोक पाडतो, त्यात एक बी टाकतो, भोक बुजवतो आणि पुढचे भोक पाडतो. आमच्या शेजारचे आजोबा मुरबाडकडचे, भाताची शेती केलेले. ते म्हणाले, “असं पेरायला घेतलं तर दिवाळीला आवण उरकायची.” (आवण म्हणजे भाताची लावणी.) पण मला वाटते, सुरुवातीला रुमालाने फळीचे भोक बुजवणाराच हा माणूस आहे; जमीन मिळाली म्हणून त्याची घर सांभाळण्याची तऱ्हा बदललेली नाही. मग तो खोपटात येतो, एडना शेकोटीपाशी बसलेली असते, आणि दोघे मोठ्या कौतुकाने एका पाळण्यात वाकून पाहतात. प्रेक्षकाला जे वाटायचे ते वाटून झाल्यावर कॅमेरा पाळण्यात डोकावतो तर आत स्क्रॅप्स आपल्या पिलांसह पहुडलेला. म्हणजे इतका वेळ मी पाट्या वाचताना ज्याला ‘तो’ म्हणत होतो ती ‘ती’ होती की काय, असा प्रश्न एका चौथीतल्या मुलीने भर गच्चीत विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

पाळण्याचे दृश्य काही सेकंदांत संपते. पिले नीट मोजता आली नाहीत, अशी मुलांची एकमुखी तक्रार होती, म्हणून प्रोजेक्टरवाल्या दादाने या वेळी मात्र ऐकले आणि तो तुकडा तीनदा मागे नेऊन लावला. तिन्ही वेळा मोजणी वेगवेगळी आली.